घरची पूजा, नैवेद्य आणि एकादशी : तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

पूजेला बसल्यावर काडेपेटी शोधायला उठावे लागते, नैवेद्य दाखवून झाल्यावर तुळशीचे पान आठवते आणि एकादशीचा उपवास मनोभावे करूनही तो सोडण्याची वेळ चुकते. या सगळ्या चुकांचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. कोणती गोष्ट कशाच्या आधी करायची, हे आधी ठरवलेले नसते. मंत्र पाठ असलेल्या घरांतही हे घडते आणि मंत्र न येणाऱ्या घरांत तर पूजा पुस्तकात पाहून करण्याच्या धांदलीत क्रम हमखास विसकटतो. पुढील टप्पे महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या स्मार्त (स्मृतिग्रंथांवर आधारलेल्या) पद्धतीला धरून आहेत. घरोघरचा कुलाचार थोडाफार वेगळा असतो आणि जिथे तो वेगळा असेल तिथे घरचाच पाळावा.

टप्पा १ : पूजा कोणाची आणि किती उपचारांची, हे आधी ठरवावे

सगुण उपासनेची मांडणी एका कल्पनेवर उभी आहे : देव हा घरी आलेला पाहुणा आहे. त्याला बोलवायचे, बसायला द्यायचे, पाय धुवायला पाणी द्यायचे, स्नान, वस्त्र, गंध, फूल, मग जेवण, विडा आणि शेवटी नमस्कार. ही एक गोष्ट ध्यानात राहिली की सोळा उपचारांचा क्रम पाठ करावा लागत नाही. जेवणानंतर कोणी पाहुण्याला आंघोळीला पाठवत नाही, तसेच नैवेद्यानंतर अभिषेक करत नाहीत.

षोडशोपचारांचा रूढ क्रम असा आहे : आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, यज्ञोपवीत, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य, मग प्रदक्षिणा व नमस्कार (या दोहोंचा क्रम परंपरेनुसार मागेपुढे होतो) आणि मंत्रपुष्प. पुरुषसूक्ताच्या १६ ऋचा एकेका उपचाराला एक याप्रमाणे म्हणतात. वेळ कमी असेल तर गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य एवढी पंचोपचार पूजा पूर्ण मानली जाते. सोळा उपचार घाईघाईने उरकण्यापेक्षा पाच नीट करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. रोजच्या पूजेला पंचोपचार आणि सणाला षोडशोपचार ही विभागणी बहुतेक घरांना झेपते.

त्यानंतर देव्हाऱ्यात कोण आहे ते पाहावे. कुलदैवताचे टाक (देवतेची उठावाची प्रतिमा असलेले धातूचे पत्रे), बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम (विष्णूचे प्रतीक मानलेला काळा दगड), बाण (शंकराचे प्रतीक मानलेला गुळगुळीत दगड), तसबिरी या प्रत्येकाचे नियम थोडे वेगळे आहेत. पंचायतन असेल तर गणपती, शिव, विष्णू, देवी आणि सूर्य अशा पाच देवता असतात व घराण्याचे उपास्य दैवत मध्यभागी ठेवले जाते.

सावधान : देव्हाऱ्यात नित्य असलेल्या देवांना रोज नव्याने आवाहन करून शेवटी विसर्जन करत नाहीत. ते घरातलेच आहेत, म्हणून आवाहनाच्या जागी ध्यान करून फूल वाहतात. आवाहन, प्राणप्रतिष्ठा आणि विसर्जन ही भाद्रपदातील गणपतीसारख्या पार्थिव, म्हणजे मातीच्या मूर्तीसाठी किंवा सुपारीवर, कलशावर मांडलेल्या तात्पुरत्या देवतेसाठी असतात. गणेशचतुर्थीची पोथी वाचून रोजच्या देवांवर विसर्जनाच्या अक्षता टाकणारे अनेक जण आढळतात.

टप्पा २ : आदल्या दिवसाची तयारी

देवांची आणि उपकरणांची घासपूस आदल्या दिवशीच करावी. तांब्या-पितळेच्या वस्तू चिंच किंवा लिंबाने घासल्यावर भरपूर पाण्याने धुऊन कोरड्या कराव्यात, कारण आंबट अंश राहिला की भांडी लगेच पुन्हा काळपट पडतात. चांदीचे टाक खरखरीत पावडरीने घासू नयेत. त्यांवरील उठाव कालांतराने झिजून सपाट होतो.

साहित्य काढून ठेवताना उपकरणे, वाहायच्या वस्तू आणि नैवेद्याच्या वस्तू असे तीन गट करावेत. उपकरणांत ताम्हन, तांब्या, पळी-पंचपात्र, शंख, घंटा, सहाण आणि चंदनाचे खोड, समई, निरांजन, उदबत्तीचे घर, कापुरारतीचे पात्र, देव पुसण्यासाठी वेगळे फडके, निर्माल्यासाठी एक भांडे आणि काडेपेटी येते. वाहायच्या वस्तूंत गंध, हळद-कुंकू, अक्षता, कापसाची वस्त्रे, जानवे, फुले, तुळस, दूर्वा, बेल, तसेच विड्याची दोन पाने, सुपारी आणि दक्षिणा येते. अक्षतांसाठी तांदूळ निवडून घ्यावेत. तुकडा पडलेला दाणा चालत नाही आणि ऐन पूजेच्या वेळी मूठभर तांदूळ निवडत बसणे शक्य होत नाही.

फुलांच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्यात. शिळी, वास घेतलेली आणि कीड लागलेली फुले घेऊ नयेत. जमिनीवर पडलेली फुलेही घेत नाहीत, मात्र प्राजक्त याला अपवाद आहे. तुळस आणि बेल यांना शिळेपणाचा दोष मानत नाहीत, त्यामुळे ती आदल्या दिवशी काढून ठेवता येतात. द्वादशीला आणि रविवारी, तसेच सूर्यास्तानंतर तुळस खुडत नाहीत, म्हणून या सवलतीचा उपयोग करून घ्यावा.

तपासणी : झोपण्यापूर्वी समईत वात आणि तेल घालून ठेवले आहे का, निरांजनासाठी फुलवाती तुपात भिजवल्या आहेत का, नैवेद्याला लागणारा एखादा पदार्थ रात्रीच भिजत घालायचा आहे का आणि घरात सोयर-सुतक नाही ना, हे पाहावे. सोयर-सुतकात घरच्यांनी पूजा न करता दुसऱ्याकडून करून घेण्याची पद्धत आहे.

टप्पा ३ : मांडणी

स्नान करून धुतलेले, कोरडे वस्त्र नेसावे. सोवळ्याचा मुकटा (पूजेला नेसायचे रेशमी वस्त्र) असेल तर उत्तम, नसेल तर स्वच्छ धोतर, पंचा किंवा साडी पुरेशी आहे. ज्या कपड्यांत स्वयंपाकघर, बाजार आणि प्रवास झाला आहे ते कपडे चालत नाहीत, हा त्यामागचा व्यावहारिक अर्थ.

पूजकाचे तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला असावे. तुपाचा दिवा देवाच्या उजव्या बाजूला आणि तेलाचा डाव्या बाजूला ठेवतात. येथे उजवे-डावे देवाचे धरायचे आहे, समोर बसलेल्याचे नव्हे. घंटा मात्र आपल्या डाव्या हाताशी ठेवावी, कारण उजव्या हाताने उपचार चालू असताना ती डाव्या हाताने वाजवायची असते. पाण्याचा कलश, गंध आणि फुले हात लांब न करता मिळतील अशी ठेवावीत. पेटत्या समईवरून हात नेऊन फुलांची परडी घ्यावी लागत असेल तर मांडणी चुकली आहे. विशेषतः पदर, उपरणे आणि लहान मुले जवळ असताना ही चूक महागात पडते.

समई लावून झाली की त्या ज्योतीवरून दुसरा दिवा किंवा उदबत्ती पेटवत नाहीत. त्यासाठी काडेपेटी वापरावी.

टप्पा ४ : आरंभ

प्रथम स्वतःला कुंकू किंवा गंध लावून, देवाजवळ विडा ठेवून, घरातील वडीलधाऱ्यांना नमस्कार करून बसावे. नंतर आचमन करावे. विष्णूच्या २४ नावांपैकी केशव, नारायण आणि माधव या तीन नावांनी पळीभर पाणी प्राशन करायचे आणि गोविंद या चौथ्या नावाने ताम्हनात पाणी सोडायचे, मग हात जोडून उरलेली नावे म्हणायची. चारही वेळा पाणी पिणे ही येथील सर्वांत प्रचलित चूक आहे. आचमनाचे पाणी तळहातावर मावेल एवढेच असावे.

आचमनानंतर प्राणायाम, देवतास्मरण आणि संकल्प येतो. संकल्पात शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार आणि नक्षत्र यांचा उच्चार असतो. हे सर्व त्या दिवशीच्या पंचांगातून कागदावर लिहून घ्यावे. पोथीत जिथे ‘अमुक’ छापलेले असते तिथे तोंडाने ‘अमुक’च म्हणणारे थोडे नाहीत, आणि जुन्या पुस्तकात छापलेले संवत्सर तसेच वाचणारेही पुष्कळ आहेत. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप गोत्र उच्चारण्याची रीत आहे. संस्कृत जमत नसेल तर आज कोणता दिवस आहे, मी कोण आहे आणि कशासाठी कोणाची पूजा करीत आहे, हे मराठीत स्पष्ट म्हणून ताम्हनात पाणी सोडावे. संकल्प म्हणजे तेवढेच.

त्यापुढे गणपतीचे स्मरण, मग कलश, शंख, घंटा आणि दीप यांची गंध-फुलाने पूजा होते. शेवटी कलशातील पाणी फुलाने किंवा तुळशीच्या पानाने स्वतःवर आणि साहित्यावर शिंपडायचे. हे प्रोक्षण झाल्याशिवाय मुख्य पूजेला हात घालू नये.

सावधान : संकल्प झाल्यावर मध्येच उठू नये, हा नियम कठोर वाटत असला तरी सोयीचा आहे. दूध गॅसवर असेल, दारावर कोणी येणार असेल किंवा फोन वाजणार असेल, तर त्याची व्यवस्था संकल्पाआधी लावावी.

टप्पा ५ : आवाहनापासून स्नानापर्यंत

ध्यान किंवा आवाहन करून फूल वाहावे, आसनासाठी अक्षता वाहाव्यात (विष्णूला तुळस), मग देव ताम्हनात घेऊन पाद्य, अर्घ्य आणि आचमन यांसाठी पळीपळीने पाणी घालावे. अर्घ्याच्या पाण्यात गंध, फूल आणि अक्षता असतात.

देव ताम्हनात घेण्यापूर्वी आदल्या दिवशीची फुले काढायची असतात. येथे क्रमाला फार महत्त्व आहे. निर्माल्य काढल्यावर कालचे गंध आणि कुंकू साध्या पाण्याने पूर्ण धुऊन ते पाणी टाकून द्यावे आणि मगच अभिषेकाला सुरुवात करावी. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच कुंकवांत कृत्रिम रंग असतो. ते न धुता केलेल्या अभिषेकाचे पाणी तीर्थ म्हणून घरभर वाटले जाते आणि लहान मुलेही ते पितात. तीर्थाचे पाणी नेहमी गंध-कुंकू लावण्याआधीच्या स्वच्छ अभिषेकातून बाजूला काढावे.

पंचामृताचा क्रम दूध, दही, तूप, मध, साखर असा आहे. प्रत्येक पदार्थानंतर शुद्ध पाण्याने स्नान घालतात. पाचही एकत्र कालवून एकदाच ओतणे ही सोय म्हणून चालते, पण वेगवेगळे घालणार असाल तर हा क्रम बदलू नये. शेवटची साखर चोळून निघते आणि तुपाचा ओशटपणा तिच्यासोबत जातो, हा या क्रमाचा प्रत्यक्ष फायदा. नंतर गंधाचे पाणी, मग पुन्हा शुद्ध पाणी. येथे गंध-फूल-धूप-दीप आणि उरलेल्या पंचामृताचा नैवेद्य अशी छोटी पूर्वपूजा करतात, वाहिलेली फुले उतरवतात आणि मग सूक्त म्हणत अभिषेकाची संतत धार धरतात.

पंचामृताविषयी तीन सूचना. मध आणि तूप समभाग घेऊ नयेत, कारण आयुर्वेदाने समभाग मिश्रण विरुद्ध मानले आहे. पंचामृत तांब्याच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळी वाटीत ठेवू नये, दह्याच्या आंबटपणाने ते कळकते. चांदी, काच किंवा स्टीलची वाटी घ्यावी. आणि एक वर्षाखालील बाळाला मध असलेले तीर्थ किंवा पंचामृत बोटभरही चाटवू नये. मधातील जंतूंच्या बीजाणूंमुळे एवढ्या लहान बाळांना गंभीर विषबाधा होऊ शकते.

सावधान : तसबिरींवर आणि मातीच्या मूर्तीवर पाणी ओतत नाहीत. फुलाने किंवा दूर्वेने थेंब शिंपडले की स्नान झाले. अभिषेक करायचाच असेल तर समोर सुपारी किंवा धातूची लहान मूर्ती ठेवून तिच्यावर करावा. शंकराला शंखातून पाणी घालत नाहीत.

टप्पा ६ : वस्त्र, गंध, फुले आणि पत्री

स्नानानंतर देव कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून जागेवर ठेवावेत. ओल्या मूर्तीवर लावलेले गंध ओघळते आणि कापसाचे वस्त्र चिकटून बसते. वस्त्र, मग पुरुषदेवतांना जानवे, मग गंध. देवाला गंध उजव्या हाताच्या अनामिकेने लावावे. देवीला हळद-कुंकू, गणपतीला शेंदूर किंवा रक्तचंदन आणि शंकराला भस्म किंवा पांढरे गंध रूढ आहे.

कोणाला काय वाहायचे नाही, यात घोळ होतो. विष्णूला आणि शाळिग्रामाला अक्षता नाहीत. गणपतीला तुळस नाही, केवळ भाद्रपद चतुर्थीच्या पत्रीत ती चालते. देवीला दूर्वा नाहीत, सूर्याला बेल नाही, शंकराला केवडा नाही. याउलट विष्णूला तुळस, गणपतीला दूर्वा आणि शंकराला बेल यांशिवाय पूजा उणी मानतात. दूर्वा तीन, पाच किंवा सात पात्यांच्या, कोवळ्या घ्याव्यात आणि २१ वाहाव्यात. बेलाचे पान तिन्ही दले शाबूत असलेले घेऊन पालथे वाहतात.

एकाच देव्हाऱ्यात सगळे देव जवळजवळ असल्याने ओंजळभर मिश्र फुले-पत्री सर्वांवर उधळण्याची सवय मोडावी. ताटात तुळस, बेल, दूर्वा वेगवेगळ्या ठेवल्या की हे आपोआप साधते.

टप्पा ७ : धूप आणि दीप

उदबत्ती ओवाळताना डाव्या हाताने घंटा वाजवावी, मग निरांजन ओवाळावे. हे दोन उपचार लहान आहेत आणि लहानच ठेवावेत. येथे ओवाळलेले निरांजन म्हणजे आरती नव्हे. आरती सोळा उपचारांत मोजलेली नाही. ती नैवेद्य, विडा आणि दक्षिणा यांच्यानंतर होते. अनेक घरांत दीप दाखवताच आरत्या सुरू होतात आणि नैवेद्याचे ताट शेवटी घाईने आणले जाते.

टप्पा ८ : नैवेद्य

नैवेद्याची पूजा स्वयंपाकघरात सुरू होते. रांधताना चव पाहायची नसते, म्हणून त्या दिवशी नवा पदार्थ करून पाहू नये. ज्याच्या मिठाचा अंदाज हाताला पक्का आहे तेच करावे. कांदा, लसूण, आदल्या दिवशीचे उरलेले अन्न आणि फ्रीजमधून काढून गरम केलेले पदार्थ नैवेद्यात येत नाहीत. स्वयंपाक होताच देवाचा भाग वेगळा काढावा, मगच मुलांच्या वाट्या भराव्यात.

‘हिंदूंचा नैवेद्य म्हणजे शाकाहारी’ हे सरसकट विधानही बरोबर नाही. काही घराण्यांत आणि काही देवस्थानी देवीला किंवा ग्रामदैवताला गोडा आणि तिखटा असे दोन्ही नैवेद्य दाखवण्याची परंपरा आहे. तो कुलाचार ज्यांचा आहे त्यांनी तो त्यांच्या रीतीने वेगळ्या दिवशी किंवा वेगळ्या ताटात पाळलेला असतो. ज्यांचा नाही त्यांनी त्याविषयी निर्णय देऊ नये.

ताट वाढण्यात सर्वाधिक चुका होतात. भोजन करणारा देव आहे, म्हणून ताट त्याच्या बाजूने वाढलेले हवे. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी व आमटी, आणि मध्ये वरणभात, पोळी किंवा पुरी व गोड पदार्थ हा क्रम देवासमोर ताट ठेवल्यावर देवाला तसा दिसला पाहिजे. आपल्या बाजूने पाहून वाढले आणि तसेच पुढे सरकवले की डावे-उजवे उलटते. केळीचे पान असेल तर त्याचा शेंडा जेवणाऱ्याच्या डावीकडे, म्हणजे येथे देवाच्या डाव्या हाताला यावा. भातावर वरण आणि साजूक तूप घालावे. नैवेद्याच्या ताटात वेगळे मीठ वाढत नाहीत. विष्णूच्या नैवेद्यावर तुळस, शंकराच्या नैवेद्यावर बेल आणि गणपतीच्या नैवेद्यावर दूर्वा ठेवावी.

आता क्रम :

१. देवासमोर पाण्याने चौकोनी मंडल करून त्यावर ताट ठेवावे. ताट कोरड्या जमिनीवर ठेवून मग भोवती पाणी फिरवणे पुरेसे नाही, मंडल ताटाखाली हवे.

२. तुळशीच्या पानाने पाणी शिंपडावे आणि उजव्या हाताने ताटाभोवती एकदा पाणी फिरवावे.

३. डावा हात डोळ्यांवर किंवा छातीवर ठेवून उजव्या हाताने घास देण्याची क्रिया करावी. तेव्हा प्राण, अपान, व्यान, उदान, समान आणि ब्रह्म या सहा नावांनी ‘प्राणाय स्वाहा’ या रीतीने म्हणावे.

४. मध्ये पिण्यासाठी पाणी म्हणून ताम्हनात एक पळी सोडावी आणि सहा आहुती पुन्हा म्हणाव्यात.

५. शेवटी उत्तरापोशन (जेवण संपताना प्यायचे पाणी), हात धुण्यासाठी पाणी, मुख धुण्यासाठी पाणी, हातांना चंदन, मग विडा आणि दक्षिणा.

चौथी आणि पाचवी पायरी गाळली जाते. पाहुण्याला वाढून, पाणी न देता उठून जाण्यासारखेच ते आहे. मंत्र येत नसले तरी या पळ्या सोडाव्यात.

सावधान : आरतीचा कापूर शिऱ्यात, खिरीत किंवा तीर्थात टाकू नये. तो पोटात गेल्यास विषारी ठरतो. तसेच दूध, दही, खोबरे असलेला नैवेद्य सकाळपासून दुपारपर्यंत देवासमोर उघडा ठेवू नये. नैवेद्य दाखवून थोडा वेळ थांबावे, ताट उचलावे, गोग्रास (गाईसाठीचा घास) काढण्याची रीत असेल तर काढावा आणि प्रसाद वाटावा.

टप्पा ९ : आरतीपासून समाप्तीपर्यंत

पहिली आरती गणपतीची, मग ज्या देवतेची पूजा असेल तिची, मग इतर. त्यानंतर कापूर लावून कर्पूरारती, मग प्रदक्षिणा, नमस्कार आणि मंत्रपुष्प. घरात जागा नसेल तर उजवीकडून स्वतःभोवती फिरावे. रूढ वचनाप्रमाणे प्रदक्षिणा देवीला १, गणपतीला ३, विष्णूला ४ आणि सूर्याला ७ असतात. शंकराला अर्धी घालतात : पिंडीवरचे पाणी वाहून जाते ती पन्हळ ओलांडायची नाही, तिथपर्यंत जाऊन आल्या वाटेने मागे फिरायचे.

मंत्रपुष्पाची फुले आरती सुरू होण्यापूर्वीच सर्वांच्या हातात द्यावीत. शेवटी न्यूनाधिकाबद्दल क्षमाप्रार्थना करावी, केलेली पूजा देवतेला अर्पण म्हणून पाणी सोडावे आणि दोनदा आचमन करावे. पार्थिव मूर्ती असेल तर विसर्जनाच्या दिवशी उत्तरपूजा करून अक्षता वाहतात व मूर्ती किंचित हलवतात. हे झाल्याशिवाय ती जागेवरून उचलत नाहीत.

टप्पा १० : एकादशी, दशमीपासून द्वादशीपर्यंत

एकादशी तीन दिवसांची असते आणि तिच्यातल्या चुका पहिल्या व तिसऱ्या दिवशी होतात. वर्षात २४ एकादश्या येतात, अधिकमास असेल तर २६.

प्रथम दिवस ठरवावा. पंचांगात कधी कधी लागोपाठ दोन दिवशी ‘स्मार्त’ आणि ‘भागवत’ (वैष्णवांची) अशा दोन एकादश्या दिलेल्या असतात. सूर्योदयापूर्वीच्या चार घटिका, म्हणजे ९६ मिनिटे, हा अरुणोदयाचा काळ. त्या काळात दशमी असेल तर भागवत परंपरा ती एकादशी सोडून पुढचा दिवस धरते. स्मार्त परंपरा सूर्योदयाच्या वेळची तिथी पाहते. आपल्या घरात कोणती धरतात हे वडीलधाऱ्यांना विचारून कायमचे लिहून ठेवावे. दर वेळी सोयीचा दिवस निवडणे योग्य नाही.

दशमीला एकच वेळ जेवतात. त्याच दिवशी उपवास निर्जळ, फलाहारी की फराळाचा, हे ठरवावे. आपल्याकडे फराळाला साबुदाणा, वरी (भगर), राजगिरा, शिंगाडा, शेंगदाणे, बटाटा, रताळे, दूध आणि फळे चालतात. धान्ये, कडधान्ये, कांदा, लसूण चालत नाहीत. हळद, मोहरी वर्ज्य धरणारी घरे पुष्कळ आहेत, तर जिरे आणि कोथिंबीर यांबाबत घरोघर वेगळे मत असते. पाहुण्यांसाठी फराळ करताना हे विचारून घ्यावे.

लपून येणारे धान्य तपासावे. बाजारातील बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो, तयार पिठीसाखरेत अनेकदा मक्याचे स्टार्च असते आणि ज्या तेलात काल भजी तळली त्यात आज साबुदाणा वडे तळले जातात. भगर आणि भगरीचे पीठ यांबाबत विशेष दक्षता घ्यावी. ओलसर साठवणीत त्यांना बुरशी लागते आणि उपवासाच्या दिवशी भगरीतून विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडल्या आहेत. सुटे, तारीख नसलेले पीठ घेऊ नये. भगर निवडून, धुऊन शिजवावी आणि कुबट वास आला तर फेकून द्यावी.

सावधान : मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा व्यक्तींनी, गर्भवतींनी आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी विचारावे. पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असे परंपरेनेच सांगितले आहे. त्यामुळे औषध टाळण्यास धर्माचा आधार नाही.

द्वादशीला पारणे. द्वादशीच्या कालमानाचा पहिला चतुर्थांश म्हणजे हरिवासर. तो संपल्यानंतर आणि द्वादशी संपण्यापूर्वी उपवास सोडायचा असतो. काही वेळा हा अवधी फार थोडा असतो, म्हणून दोन्ही वेळा आदल्या दिवशीच पंचांगातून लिहून घ्याव्यात. पारण्याच्या नैवेद्याला लागणारी तुळस आधी काढून ठेवलेली असावी. दिवसभर रिकाम्या असलेल्या पोटी एकदम पुरणपोळी आणि तळण घेऊ नये. वरणभातावर उपवास सुटतो.

संकष्टीचा हिशेब वेगळा आहे. तिथे उपवास त्याच रात्री चंद्रोदयानंतर, चंद्राला अर्घ्य आणि गणपतीला नैवेद्य दाखवून सोडतात. चंद्रोदयाची वेळ गावागावाला बदलते, म्हणून दुसऱ्या शहराची वेळ दिलेल्या दिनदर्शिकेवर विसंबू नये.

टप्पा ११ : चातुर्मासातील ताट

आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत अनेक घरांत कांदा, लसूण आणि वांगे बंद असते. म्हणून आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांद्याचे पदार्थ करून घेतात. कांदा-लसूण कार्तिकी एकादशीनंतर सुरू होतो, पण खंडोबाचा कुलाचार असलेल्या घरांत वांगे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीपर्यंत थांबते. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत आणि रोडग्याचा (जाड भाकरीसारख्या पदार्थाचा) नैवेद्य दाखवल्यावरच ते घरात खातात. अशा घरी जेवायला बोलावले असेल किंवा त्यांना आपल्याकडे बोलवायचे असेल, तर कार्तिकी होऊन गेली म्हणून वांग्याची भाजी करू नये, आधी विचारावे.

चातुर्मासाचा नियम धरताना तो कोणत्या पदार्थाचा, कोणत्या तिथीपासून कोणत्या तिथीपर्यंत आणि प्रवासात किंवा आजारपणात त्याचे काय करायचे, या गोष्टी पहिल्या दिवशीच संकल्पात स्पष्ट म्हणाव्यात. सोडलेला पदार्थ ज्या दिवशी पुन्हा सुरू करायचा, त्या दिवशी तो प्रथम नैवेद्याच्या ताटात वाढावा आणि नंतर पंगतीत.